कोकण किनाऱ्याचा पोर्तुगीज मोजणीदार : दोम जुआंव द कास्त्रो

पाणीगेटच्या नावात पाणी असले तरी समुद्राचा आणि या दरवाजाचा संबंध सहसा कोणी जोडीत नाही. आम्हीही आयुष्यभर या दरवाजाखालून ये-जा केली ती सरकारी कचेरीच्या वेळा सांभाळीत. इतिहास पाहण्याची सवड निवृत्तीनंतर मिळाली. बडोद्याच्या जुन्या कोटाची उभारणी परंपरेने गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह दुसरा (१५११ ते १५२६) याच्या काळाशी जोडली जाते. या मुजफ्फरशाहाचा पुत्र बहादूरशाह. त्याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्या आसपासची बेटे पोर्तुगीजांना दिली, १५३५ मध्ये दीव येथे किल्ला बांधू दिला आणि फेब्रुवारी १५३७ मध्ये त्याच दीवच्या पाण्यात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत प्राण गमावला. मुजफ्फरशाहाचा नातू महमूदशाह तिसरा. त्याच्या कारकिर्दीत दीवसाठी गुजरातने जो शेवटचा मोठा झगडा दिला, त्यात पलीकडच्या बाजूने उभा होता तो आजच्या आमच्या लेखाचा नायक. आपल्या दारचा कोट ज्या घराण्याने उभारला त्याच घराण्याशी लढलेला हा मनुष्य आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे ज्या कोकणपट्टीत आहेत, तिचे पहिले पद्धतशीर सागरी वर्णन लिहिणाराही हाच आहे.

पोर्तुगीज दर्यावर्दी म्हटला की आपल्याला शाळेत पाठ केलेला वास्को द गामा आठवतो. फार तर आल्बुकेर्क. दोम जुआंव द कास्त्रो हे नाव बहुतेकांनी ऐकलेलेही नसते. आम्हालाही ते ठाऊक नव्हते. रत्नागिरी जिल्ह्याचे जुने गॅझेटियर चाळताना तळटीपांतून त्याच्या किनारा-वर्णनाचा उल्लेख पुन:पुन्हा येऊ लागला, तेव्हा कुतूहल जागे झाले. कोकणातील एखाद्या खाडीविषयी चौकशी करावी आणि उत्तर १५३८ च्या पोर्तुगीज टिपणात सापडावे, याचे आम्हास नवल वाटले आणि थोडा विषादही वाटला.

कास्त्रोचा जन्म लिस्बन येथे २७ फेब्रुवारी १५०० रोजी एका सरदार घराण्यात झाला. त्या काळचा मोठा गणिती पेद्रो नूनिश याच्याजवळ त्याने गणिताचे धडे घेतले. राजबंधू लुईश हा त्याचा सहाध्यायी. अठराव्या वर्षी तो उत्तर आफ्रिकेतील तांजियरला लढाईवर गेला आणि १५३५ मध्ये ट्यूनिसच्या मोहिमेत होता. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात सूर्याची उंची मोजण्याचे यंत्र, अशी ही मूर्ती होती. १५३८ मध्ये नवा व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या याच्याबरोबर तो प्रथम हिंदुस्थानास निघाला. राजाने होर्मुझच्या ठाणेदारीची सनद देऊ केली होती. ती त्याने आपण अद्याप तितकी सेवा केली नाही म्हणून नाकारली. सनदा नाकारणारे अधिकारी आम्ही आमच्या सेवाकाळात फारसे पाहिले नाहीत, म्हणून हा तपशील मुद्दाम नोंदवीत आहोत.

या प्रवासातच त्याचे खरे काम सुरू झाले. पोर्तुगीज भाषेत समुद्रमार्गाच्या टिपणवहीला ‘रोतेइरो’ म्हणतात. नाखव्याने वाटेतील दिशा, खोली, खुणा लिहून ठेवाव्यात ही पद्धत त्याच्यापूर्वीही होती. कास्त्रोने तीत एक नवी गोष्ट आणली, ती म्हणजे संशय. सूर्याची उंची तो स्वत: मोजी, सुकाणूवाल्या पायलटाला मोजावयास लावी, जहाजावरच्या इतरांकडूनही मोजून घेई आणि सर्वांचे आकडे शेजारी शेजारी लिही. जुळले नाहीत तर जुळले नाहीत असेच लिही. ज्यांनी मोजणी खात्याची टिपणे पाहिली आहेत त्यांना या प्रामाणिकपणाची किंमत कळेल. हद्दीचा दगड जागेवर सापडला नाही तर तो सापडला असे लिहून मोकळे होण्याचा मोह किती मोठा असतो, हे आम्ही जाणतो.

होकायंत्राची सुई अगदी अचूक उत्तरेकडे पाहत नाही, थोडी बाजूस कलते. या फरकास आपल्याकडे चुंबकीय दिक्पात म्हणतात. हा दिक्पात पूर्व-पश्चिम अंतराप्रमाणे नियमाने बदलत जातो, म्हणून त्यावरून जहाजाचे रेखांश काढता येतील, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. नूनिशने सावलीवर चालणारे एक साधन तयार केले होते. ते घेऊन कास्त्रोने १५३८ ते १५४१ या काळात या फरकाची ४३ मापे घेतली आणि ती समजूत त्याच्या आकड्यांपुढे टिकली नाही. ऑगस्ट १५३८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ त्याला सुई विचित्र वागताना दिसली. विचार करता त्याच्या ध्यानात आले की जवळच असलेल्या तोफेचे लोखंड सुईला ओढीत आहे. पुढे वसईजवळ पुन्हा सुई बिघडली. तेथे तोफेचा दोष नव्हता. त्याने अनुमान केले की आसपासच्या खडकांतच काही गुण असावा. सह्याद्रीचा काळा फत्तर लोहयुक्त आहे हे आज आपण शाळेतील मुलालाही सांगू. त्या काळी मात्र पृथ्वी स्वत: एक चुंबक आहे हे इंग्लंडच्या गिल्बर्टने सांगण्यास अद्याप बासष्ट वर्षे होती. आम्ही उमेदवारीच्या काळात मोजणी शिकलो तेव्हा पहिल्याच दिवशी बजावण्यात आले होते की होकायंत्र पाहताना खिशातील चाव्यांचा जुडगा दूर ठेवा. हा धडा वसईच्या पाण्यात कोणी गिरवला होता हे कळावयास आम्हास निवृत्त व्हावे लागले. आणि चावी हा शब्दही पोर्तुगीजच, हे ओघाने आलेच.

गोव्यास पोहोचल्यावर दोन-अडीच महिन्यांतच व्हाइसरॉयचे आरमार दीवकडे निघाले. तुर्की सुलतानाच्या आरमाराने आणि गुजरातच्या सैन्याने दीवला दिलेला पहिला वेढा नुकताच उठला होता. १५३८ च्या अखेरीपासून १५३९ च्या मार्चपर्यंतच्या या फेरीत कास्त्रोने गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचा रोतेइरो लिहिला. आपल्या दृष्टीने त्याचा हाच ग्रंथ सर्वांत महत्त्वाचा. वेंगुर्ल्याच्या समोरचे खडक, जे पोर्तुगीजांत ‘जळकी बेटे’ म्हणून प्रसिद्ध होते, खारेपाटणची खाडी, दाभोळ, केळशी, चौल, मुंबई, वसई, असा तो उत्तरेकडे सरकतो. प्रत्येक बंदराचे अक्षांश, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे की नाही, शिशाचा गोळा सोडून मोजलेली खोली, भरतीला किती आणि ओहोटीला किती पाणी, आत शिरताना कोणता डोंगर कोणत्या बाजूला ठेवावा, नांगर टाकावयास तळ चिखलाचा की खडकाचा. काही बंदरांची चित्रेही या टिपणांबरोबर आहेत. पोर्तुगालमधील कुइंब्रा विद्यापीठात ती जपून ठेवलेली आहेत. ज्या दाभोळच्या बारीत आपल्यापैकी कोणाचे पणजोबा होडीत बसले असतील, तिचे सोळाव्या शतकातील चित्र पाहावयाचे तर युरोपातील एका ग्रंथालयाचा पत्ता द्यावा लागतो.

याच फेरीत त्याने घारापुरीचे लेणे पाहिले. सैनिकी आरमाराबरोबर आलेल्या मनुष्याने तेथे थांबण्याचे कारण नव्हते. तो थांबला, आत गेला, लेण्याची लांबी-रुंदी मोजली, खांब मोजले आणि मूर्तींचे एकेक करून वर्णन लिहिले. कोणत्या देवाची कोणती कथा हे त्याला कळणे शक्य नव्हते. परंतु हे काम असामान्य कारागिरांचे आहे हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. त्याच्या धर्मबंधूंपैकी अनेकांना या मूर्तींत केवळ भुते दिसली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मोजमापांतील आदर जाणवतो.

१५४१ च्या आरंभी वास्को द गामाचा मुलगा एस्तेव्हांव द गामा तांबड्या समुद्रात सुएझवर चालून गेला, त्या आरमारातही कास्त्रो होता. तुर्कांची जहाजे जाळण्याचा बेत फसला; रोतेइरो मात्र आणखी एक तयार झाला. तांबडा समुद्र तांबडा का, या जुन्या वादाचा निकाल त्याने लावला तो असा : जेथे पाणी लाल दिसले तेथे बादलीने ते काढून पाहिले, तर ते इतर समुद्राच्या पाण्यासारखेच स्वच्छ निघाले, मग तळाशी पाणबुडे सोडले, तेव्हा लाल पोवळ्याचे खडक वर आले. ग्रंथांतील मतांचा काथ्याकूट न करता बादली खाली सोडणारा मनुष्य आम्हास फार आवडतो.

१५४२ मध्ये तो मायदेशी परतला आणि लिस्बनजवळच्या सिंत्रा येथील आपल्या पेन्या व्हेर्द नावाच्या बागेत राहू लागला. त्या बागेत त्याने फळझाडे काढून रानझाडे लावली, जमिनीपासून उत्पन्न नको म्हणून, अशी आख्यायिका आहे. येथेच त्याचे चरित्र संपते तर आम्ही हा लेख निर्भेळ कौतुकाने संपविला असता.

१५४५ मध्ये तो गव्हर्नर होऊन पुन्हा गोव्यास आला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये गुजरातच्या सैन्याने दीवला दुसरा वेढा घातला. सेनापती होता खोजा सफर, ज्याला खुदावंदखान ही पदवी होती. सुरतेस तापीच्या काठी जो किल्ला आज डागडुजी होऊन पाहुण्यांसाठी खुला आहे, तो पोर्तुगीजांच्या भयानेच याने बांधविला. जूनमध्ये तोफेच्या गोळ्याने खोजा सफर मारला गेला. त्याच्या मुलाने वेढा चालू ठेवला. १० ऑगस्टला एका बुरुजाखालचा सुरुंग उडाला आणि त्यात गव्हर्नरचा तरुण मुलगा फेर्नांदो ठार झाला. नोव्हेंबरात कास्त्रो स्वत: आरमार घेऊन पोहोचला, किल्ल्याबाहेर पडून त्याने लढाई दिली आणि वेढा मोडून काढला.

दीवचा किल्ला पडझड होऊन उभा होता. दुरुस्तीला पैसा नव्हता. २३ नोव्हेंबर १५४६ रोजी कास्त्रोने गोवे शहराच्या नगरपालिकेला पत्र लिहून वीस हजार पर्दाव कर्ज मागितले. तारण म्हणून मुलाची हाडे उकरून पाठविण्याचा त्याचा विचार होता, परंतु देह अद्याप त्या अवस्थेत नव्हता. म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस तारण ठेवले. गोवेकरांनी रक्कम दिली, स्त्रियांनी दागिने दिले आणि दाढीचे केस सन्मानाने परत केले. कर्ज फेडले गेले. ही कथा पोर्तुगालमध्ये मुलांना सांगितली जाते. सांगण्यासारखी ती आहेच. महसूल खात्यात तारणाचे शेकडो कागद पाहिलेल्या आम्हालाही असे तारण दुसरे आठवत नाही.

परंतु त्याच काळातील दुसरे कागदही पाहिले पाहिजेत. वेढा उठल्यानंतर पोर्तुगीज आरमारे खंभातच्या आखातात शिरली. घोघा जळाले. गांधार जळाले. आपली विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर जेथे आखातात शिरते त्या मुखाजवळचे हे गांधार एके काळी भरभराटीचे बंदर होते. आज तेथे एक लहान गाव आणि जैनांचे तीर्थ आहे. १५४७ च्या सुमारास जोर्ज द मेनेझिस याने भरूच लुटून जाळले. त्या पराक्रमाबद्दल त्याला ‘बारोश’ म्हणजे भरूचवाला असे उपनावच मिळाले. नंतर आदिलशहाशी बिनसले, तेव्हा १५४७-४८ च्या मोसमात खुद्द कास्त्रोने दाभोळ जाळले. आल्मेइदाने १५०८ च्या अखेरीस एकदा बेचिराख केलेले, पुन्हा सावरलेले हे गाव.

नऊ वर्षांपूर्वी याच मनुष्याने दाभोळच्या बारीची खोली मोजली होती. कोणता डोंगर कोणत्या बाजूस ठेवावा हे लिहिले होते. आमच्या एका विद्वान स्नेह्यांचे म्हणणे असे की ते ज्ञान निराळे आणि हे युद्ध निराळे, दोहोंची गल्लत करू नये. आम्हास ते पटत नाही. रोतेइरो कशासाठी लिहिला जातो? जहाज सुखरूप आत जावे म्हणून. त्या जहाजात मिरी भरलेली आहेत की दारूगोळा, हे टिपणवही विचारीत नाही. कास्त्रोची मोजमापे खरी होती, त्याचा संशय प्रामाणिक होता, घारापुरीतील आदरही खरा होता; आणि दाभोळकरांची घरे जाळणारी मशालही त्याच्याच हुकमाने पेटली. यांतले एक सांगून दुसरे गाळले तर नोंद खोटी होते.

मग प्रश्न उरतो आपला. आपल्या लोकांना हा किनारा ठाऊक नव्हता काय? वास्को द गामाला १४९८ मध्ये आफ्रिकेतील मालिंदीहून कालिकतला आणणारा वाटाड्या गुजराती होता, असे पोर्तुगीज बखरकार बारुश लिहितो. त्याला पोर्तुगीजांची यंत्रे दाखविली तेव्हा त्याला काडीचे नवल वाटले नाही, असेही तो लिहितो. सतराव्या शतकातील गुजराती मालमांच्या पोथ्या आजही उपलब्ध आहेत. तेव्हा काही लिहिलेच गेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण दाभोळ-केळशीच्या खारव्यांनी, भंडाऱ्यांनी, कोळ्यांनी पिढ्यानपिढ्या वापरलेले ज्ञान आपल्या मराठीत सोळाव्या शतकात कागदावर उतरलेले आमच्या पाहण्यात नाही.

सेवाकाळात काही महिने आमची नेमणूक घोघ्याच्या बाजूस होती. तेथे एका वृद्ध तांडेलाची ओळख झाली. खंभातच्या आखातातील भरती किती प्रचंड आणि किती वेगाची हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल. हा गृहस्थ केवळ तिथी ऐकून पाणी केव्हा चढेल, कोणत्या धक्क्याला किती लागेल, हे बसल्या जागी सांगे. आणि आमच्या कचेरीतल्या छापील कोष्टकाशी ताडून पाहावे तर फरक नगण्य. आम्ही त्यास म्हटले, काका, हे लिहून का ठेवीत नाही? तो म्हणाला, “लखवानी शी जरूर, साहेब? छोकरो साथे आवे छे ने.” मुलगा होडीत बरोबर येतो, मग लिहावयाचे कशाला! उत्तर बिनतोड होते. काही वर्षांनी पुन्हा त्या बाजूस जाणे झाले तेव्हा तांडेल गेला होता आणि मुलगा अलंगला जहाजे तोडण्याच्या कामावर लागला होता.

तांडेलाला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हास नाही. १७३४ मध्ये दमाजीराव गायकवाडांनी बडोदे घेतले तेव्हापासून पुढे दीडशे वर्षे जी मराठी घराणी येथे आली, त्यांच्या घरोघरी मोडी कागदांच्या पेट्या होत्या. आमच्या घरीही होती. आजोबा मोडी सराईतपणे वाचीत. वडिलांना थोडेफार लागे. आम्हास अक्षरओळखही नाही. वाड्याची वाटणी झाली त्या धांदलीत ती पेटी रद्दीत गेली, ती आमच्या संमतीने. किल्लेदारीचा हिशेब होता की किराणा मालाची यादी, हे आता कोणी सांगू शकत नाही. आयुष्य सरकारी दफ्तरे सांभाळण्यात घालविलेल्या मनुष्याच्या घरी हे घडले, म्हणून लिहून ठेवीत आहोत.

कास्त्रोचा शेवट थोडक्यात सांगतो. एप्रिल १५४७ मध्ये गोवेकरांनी त्याची रोमन सेनापतीसारखी विजययात्रा काढली. त्या मिरवणुकीची विणलेली भव्य चित्रपटले व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. राजाने त्यास व्हाइसरॉय केल्याची बातमी गोव्यास पोहोचली तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. ६ जून १५४८ रोजी तो वारला. अंतकाळी सेंट फ्रान्सिस झेवियर जवळ होता. मागे संपत्ती जवळजवळ नव्हती. त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेण्यात आल्या. गोवे ते दीव हा रोतेइरो मात्र हस्तलिखितातच पडून राहिला आणि १८४३ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनी, छापला गेला. लिहून ठेवले म्हणजे लगेच वाचले जातेच असे नाही. पण ते टिकले.

एक गोष्ट राहिली. घारापुरीच्या लेण्यात एक शिलालेख होता. तो पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठविला, तेथे कोणालाही वाचता आला नाही आणि पुढे तो नाहीसा झाला, असे बखरकार कोउतो सांगतो. दुसरी एक शिला मात्र वाचली. सोमनाथ-पाटणची ही शिला कास्त्रोनेच नेली असे मानले जाते, आणि ती सिंत्राच्या त्याच्या बागेत राहिली. विक्रम संवत १३४३ चा, म्हणजे इसवी सन १२८७ चा, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातील हा संस्कृत लेख पुढे ब्यूलर या जर्मन पंडिताने संपादून प्रसिद्ध केला. संशोधकांत तो ‘सिंत्रा प्रशस्ति’ म्हणूनच ओळखला जातो. त्रिपुरांतक नावाच्या पाशुपत यतीने केलेल्या तीर्थयात्रांची आणि सोमनाथास बांधलेल्या देवळांची ती हकीकत आहे. तीत आरंभी सांगितले आहे की भगवान शिव लाट देशात कारोहण येथे लकुलीश रूपाने अवतरले.

हे कारोहण म्हणजे डभोई तालुक्यातील आपले कायावरोहण, ज्याला जुनी माणसे कारवण म्हणतात. पाणीगेटहून मोटारीने तासाभराची वाट आहे.